किल्ली देतानाचा फोटो

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भर चौकात. सिग्नल हिरवा झाला होता आणि सगळ्यांत पुढे उभी असलेली छोटी पांढरी गाडी दोन आचके देऊन बंद पडली होती. स्टिअरिंगवर एक घामाघूम झालेले गृहस्थ आणि शेजारच्या सीटवर ती. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी भाजीची पिशवी घेऊन फुटपाथच्या कडेला उभी होते. आता ही बाई चिडणार, निदान त्या गृहस्थांच्या हातातून स्टिअरिंग ओढून घेणार, असं मला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती त्यांना म्हणाली, "हळू. आपल्याला कुठे आग विझवायला जायचंय?" मागचा टेम्पोवाला खाली उतरून ओरडायला लागला, तेव्हा तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अगदी आदराने विचारलं, "दादा, तुम्ही काय आईच्या पोटातून गिअर टाकतच बाहेर आलात का?"

टेम्पोवाला हसला. मागचे दोघे-चौघेही हसले. तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि गेली. टपावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'शिकाऊ' असं लिहिलं होतं आणि खाली फोन नंबर. तो नंबर मी हातातल्या भाजीच्या यादीवर, मेथी आणि दुधी यांच्या मध्ये, लिहून घेतला.

मला गाडी शिकायची होती, पण हौस म्हणून नव्हे. आमच्या घरची गाडी कायम हेच चालवत आले. मग ह्यांची नजर कमी होत गेली आणि एके दिवशी डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दर पंधरा दिवसांनी डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला जायचं, तो दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. हे गप्प बसून राहायचे. शेवटी मी म्हटलं, मी शिकते. हे म्हणाले, "तू? सायकलवरून उतरायला तुला अजून भिंत लागते." माझं वय तेव्हा एकसष्ट होतं. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवलं, आता बाकावर बसायची पाळी माझी होती.

तिला सगळे हळूताई म्हणायचे. विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं नाव, आणि तिला ते आवडायचं. वय चौतीस-पस्तीस. उंचीने बेताची, केस आखूड कापलेले, पायांत कायम पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट, कारण जाड तळव्यातून पेडल कळत नाही म्हणे. तिच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोळ घातला तर तिने तो दाबायचा. पण ती तो सहसा दाबत नसे. "मी दाबला की गाडी थांबते," ती म्हणायची, "पण शिकणंही थांबतं."

हे वाक्य ऐकलं आणि मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. कारण हे आम्हाला पदविकेच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला स्वतःला ते कळायला दहा-बारा वर्षं लागली होती. मुलाचं गणित चुकतंय हे दिसत असताना हाताची घडी घालून उभं राहणं, हेच शिकवण्यातलं सगळ्यांत अवघड काम. ती ते चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत बसून करायची.

'हळू' हा एकच शब्द ती किती तऱ्हांनी म्हणायची! कौतुकाचा हळू वेगळा, धोक्याचा हळू वेगळा, आणि रस्त्यावर कुत्रं आडवं आलं की येणारा हळू अगदीच वेगळा. पहिल्या परीक्षेत मी गाडी मागे घेताना कडेच्या ड्रमला धडक दिली आणि नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. मला रडू येत होतं. ती म्हणाली, "बाई, तो ड्रम दहा वर्षं मार खातोय. त्याला काही वाटत नाही, तर तुम्ही कशाला वाटून घेता?" दुसऱ्या वेळी मी पास झाले. त्यानंतर ह्यांना दवाखान्यात मीच नेऊ लागले. वाटेत हे म्हणत, "हळू," आणि मी म्हणे, "ते तुम्ही नाही म्हणायचं."

तिची शाळा म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता. मागच्या दोन खोल्यांत ती राहायची, आणि तिच्याबरोबर तो. तो घरोघर पाण्याचे फिल्टर बसवायचा, म्हणून आजूबाजूला त्याला फिल्टरवाला म्हणत, मीही तेच म्हणेन. मुळात तो तिचाच विद्यार्थी. गाडी शिकता शिकता ओळख झाली, ओळखीचं पुढे जे व्हायचं ते झालं, आणि दोघं एकत्र राहू लागले. लग्न केलं नाही. हा निर्णय दोघांचा होता असं ती सांगे, पण त्याचं समर्थन नेहमी तोच करायचा. एकदा मी चहाला गेले असताना तो मला म्हणाला, "बाई, कागदाने काय होतं? मनं जुळली पाहिजेत. कागद हवा असतो तो ज्यांना एकमेकांचा भरवसा नसतो त्यांना."

बोलायला गोड होता. मला तेव्हा ते पटलंही होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे.

गाडी तिची होती. तिच्या कमाईची, तिच्या नावावरची, त्याची ओळख होण्याआधी दोन वर्षं घेतलेली. त्याने एकदा चार टायर घालून दिले होते आणि त्या टायरांचा उल्लेख तो जमेल तिथे करायचा. पाहुणे आले की टायर, पाऊस आला की टायर.

एकत्र राहायला लागून सहा वर्षं झाली आणि एका सकाळी त्याने सांगितलं की आता त्याला मोकळं व्हायचंय. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. "भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, बाई," ती मला नंतर म्हणाली. "भांडणात किल्ली मागून घ्यायचं सुचलं असतं." कारण दुसरी किल्ली त्याच्याकडे असायचीच. सामान हलवायला दोन दिवस गाडी नेतो, म्हणाला. ती हो म्हणाली. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग दीड महिना. फोन केला की, "आणतो गं, तुला काय घाई आहे? तुझं तर ब्रीदच हळू."

तिचं ब्रीद तिच्याच तोंडावर फेकायचं! हे ऐकून मला जो संताप आला तो आजही जसाच्या तसा आठवतो.

घाई होती. गाडी नाही म्हणजे शिकवणं नाही. ओळखीच्या एका मोटार शाळेची गाडी तासावर मागून तिने थोडे विद्यार्थी टिकवले, बाकीचे गेले. आणि मग तिला फोन यायला लागले. अनोळखी माणसांचे. "ओ मॅडम, तुमच्याकडे काय गाढवांना गाडी शिकवतात का? सिग्नल तोडून गेली तुमची गाडी!" टपावरची पाटी त्याने काढलीच नव्हती. 'शिकाऊ' लिहिलेलं दिसलं की लोक जरा बाजूला होतात, अंतर ठेवतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या पाटीखाली तो सुसाट फिरत होता, आणि पाटीवर नंबर तिचा.

फोनांच्या मागोमाग दंडाच्या नोटिसा आल्या. चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांनी मागून टिपलेली गाडी, स्वच्छ दिसणारा क्रमांक, आणि मालक म्हणून तिचं नाव. वेग, सिग्नल, पुन्हा वेग, दवाखान्याच्या फाटकासमोर लावलेली गाडी. तीन महिन्यांत अकरा.

ती पोलीस चौकीत जायला निघाली तेव्हा मी म्हटलं, मी येते. आधी तिने तिच्या दादाला विचारलं होतं. दादा म्हणाला, "लग्न करून राहिली असतीस तर आम्हाला चार लोकांत बोलायला तोंड असतं. आता कुठल्या नात्याने जाऊ त्याच्या दारात?" वहिनीने मागून पुस्ती जोडली, "गाडीच गेली ना, अब्रू तर आधीच गेली होती." हे तिने मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. लग्न केलेल्या बायकांची कपाटं, दागिने, घरं कशी गेली हे मी शाळेच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या आयांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं आहे. लग्न हे काही कुलूप नव्हे. पण ज्याची वस्तू जाते त्यालाच आधी विचारायचं की तू दार उघडं का ठेवलंस, ही आपली रीत.

चौकीतले हवालदार वयस्कर होते, वाईट नव्हते. त्यांनी वही उघडली, पेन काढलं.

"कोणी नेली गाडी?"

तिने नाव सांगितलं.

"तुमचे कोण हे?"

"आता कोणी नाही."

"आधी?"

"आम्ही एकत्र राहायचो."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नवरा नाही. मग हे घरगुती प्रकरण होत नाही. किल्ली तुम्हीच दिलीत, म्हणजे चोरीही होत नाही. मग मी यात लिहू काय?"

"लिहा की गाडी माझी आहे आणि तो देत नाही."

"ते दिवाणी. कोर्टात जा. चार-पाच वर्षांत लागेल निकाल."

मी मध्ये पडले. "अहो, आणि हे अकरा दंड? ते कोणाचे?"

त्यांनी नोटिसा चाळल्या. "हे यांचेच. मालक याच आहेत ना!"

"म्हणजे दंड भरायला या मालक, आणि गाडी मागायला आल्या की कोणी नाहीत?"

"बाई," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "नियम मी केलेले नाहीत."

छत्तीस वर्षांत मी हे वाक्य पुष्कळ ऐकलं आहे. ते म्हणणारा माणूस बहुधा खरंच बोलत असतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही.

पण खरी धोंड पुढेच होती. शिकवण्याचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो, आणि तिची मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. वाहन कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी तिचा अर्ज घेतला, संगणकात पाहिलं आणि अर्ज परत सरकवला. "तुमच्या नावावरच्या गाडीचे अकरा गुन्हे आहेत. पाचाच्या वर असले की शिकवण्याचा परवाना तीन वर्षं मिळत नाही. दुसऱ्यांना नियम शिकवायचे आणि स्वतः मोडायचे, असं कसं चालेल?"

हळूताईला हे वाक्य फार लागलं. गाडी हातात घेतल्यापासूनच्या बारा वर्षांत तिच्या हातून एकही दंड झाला नव्हता.  मीच विचारलं, गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर? बाई म्हणाल्या, तसा अर्ज द्या, साहेब दोघांना बोलावतील. त्या माणसाने लेखी म्हणणं द्यायचं. चालवत होतो असं त्याने कबूल केलं, किंवा गाडी तुमची उरलेली नाही असं सिद्ध झालं, तर गुन्हे तुमच्या नावावरून निघतील. नाहीतर राहतील.

अर्ज दिला. आठवड्याने त्याचं लेखी म्हणणं आलं आणि त्याची एक प्रत तिला मिळाली. ती ते घेऊन थेट आमच्याकडे आली. हे आरामखुर्चीत बसले होते. मी मोठ्याने वाचलं. "सदर गाडी मला तिने सहा वर्षांपूर्वी, मी परीक्षा पास झालो त्या दिवशी, स्वखुशीने भेट दिली. किल्ली देतानाचा फोटो सोबत जोडला आहे. तेव्हापासून गाडी माझीच असून तिचे चारही टायर मी स्वखर्चाने घातले आहेत." अक्षर सुंदर होतं. सुंदर अक्षराबद्दल आयुष्यभर वाटत आलेला आदर त्या दिवशी जरा उणावला.

हे म्हणाले, "मग टायर काढून ने म्हणावं. गाडी ठेव."

सोबत फोटो होता. गाडीच्या पुढ्यात तो उभा, दात काढून, आणि हळूताई त्याच्या हातात किल्ली ठेवते आहे. खाली तारीख.

आता हा फोटो काय आहे हे तिच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिच्या शाळेची ती पद्धतच होती. विद्यार्थी पास झाला की गाडीसमोर उभं राहायचं, ती हातात किल्ली ठेवायची, शेजारचा झेरॉक्सवाला येऊन फोटो काढायचा आणि मग त्या दिवशी विद्यार्थ्याने घरच्या कोणाला तरी बसवून गावातून एक फेरी मारायची. फेरी संपली की किल्ली परत. माझाही तसा फोटो आहे. माझे दोन्ही डोळे मिटलेले आहेत, पण किल्ली स्पष्ट दिसते. फोटोला पुरावा मानायचा, तर ती गाडी तिने निदान दोनशे माणसांना भेट दिली होती. मीही मालकीण होते. भाजीच्या दुकानातला म्हातारा मालक होता. दातांची डॉक्टरीण मालकीण होती.

"कागदाने काय होतं म्हणायचा ना हा?" मी इतक्या मोठ्याने बोलले की ह्यांनी दचकून माझ्याकडे तोंड वळवलं. "सहा वर्षं कागद नको होता, आणि आता फोटो जपून ठेवलाय! याला मी सोडायची नाही."

हळूताई कागद पुन्हा पुन्हा वाचत बसली.  ती खचली आहे असा मी अर्थ घेतला, आणि कामाला लागले.

दहा दिवस मी आणि हे फोनला चिकटून होतो. ह्यांना दिसत नव्हतं, पण नंबर ऐकून पाठ होत. एकाकडून दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. कोणी फ्रेममधून फोटो काढून दिला, कोणी मोबाइलवरून छापून आणला. एका गृहस्थांचा फोटो त्यांच्या बायकोने रागाने कापला होता, पण किल्ली असलेला अर्धा भाग शिल्लक होता, तोही घेतला. सत्तेचाळीस फोटो जमले. प्रत्येकाच्या मागे मी नाव आणि तारीख लिहिली, तारखेप्रमाणे लावले आणि कापडी पिशवीत भरले. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता. त्या सुंदर अक्षराच्या माणसाला साहेबांसमोर सत्तेचाळीस वेळा खोटं पाडायचं, या कल्पनेने मला रात्री झोप लागत नसे.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "मोज."

तिने एकेक फोटो पाहिला. कोणाला पाहून हसली, कोणाला पाहून म्हणाली, "याने माझा आरसा फोडला होता." मग सगळे नीट पिशवीत घातले, बंद बांधले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"बाई, ही आत उघडायची नाही."

"अगं, काय बोलतेस?"

"ही उघडलीत तर गाडी माझी ठरेल."

"मग? तीच तर तुला हवीय!"

"गाडी माझी ठरली की अकरा गुन्हेही माझेच. परवाना तीन वर्षं गेला. दारात गाडी उभी, आणि तिच्यात बसून शिकवायची मला परवानगी नाही. त्या गाडीची मी पूजा करू का?" ती माझ्याकडे पाहत होती. "त्याने लिहून दिलंय की सहा वर्षांपासून गाडी त्याची. त्याच्याच हाताने. मग दंडही सहा वर्षांपासून त्याचेच. मला फक्त हो म्हणायचंय."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आणखीच राग आला. "पण ते खोटं आहे! धडधडीत खोटं! आणि तू त्याला मान हलवणार?"

"खोटं त्याने लिहिलंय."

"आणि कबूल तू करणार."

"हो," ती म्हणाली.  "बाई, मला एकच काम येतं. गाडी पुन्हा घेता येते."

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की खरं बोला, खऱ्याला मरण नाही. त्या व्हरांड्यात माझ्या मांडीवर सत्तेचाळीस खरी माणसं बांधून ठेवलेली होती आणि त्यांचा उपयोग फक्त तिचं नुकसान करण्यापुरता होता. नियमच असे कोणी करून ठेवले आहेत, की खरं बोललं तर पोट जावं आणि खोटं मानलं तर कमाईची गाडी जावी?  दहा दिवस मी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. मी तिच्या वतीने चिडण्यात दंग होते. तिने शेजारी बसून मला माझी चूक करू दिली होती, आणि अगदी शेवटी ब्रेक दाबला होता.

आत साहेब होते, खिडकीतल्या बाई होत्या, आणि फिल्टरवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला पाहून म्हणाला, "बाई, तुम्ही? कशाला त्रास घेतलात या वयात?"

"तुझं अक्षर बघायला आले," मी म्हटलं.

साहेबांनी त्याचं म्हणणं वाचून दाखवलं. "हे बरोबर आहे? गाडी तुम्हाला भेट मिळाली, सहा वर्षांपूर्वी?"

"हो साहेब. फोटो आहे."

साहेब हळूताईकडे वळले. "तुम्हाला मान्य?"

"मान्य," ती म्हणाली.

तिने हरकत घेतली नाही याचं त्याला इतकं आश्चर्य वाटलं की तो वळून तिच्याकडे बघत राहिला. साहेबांनाही जरा वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "मग एवढी वर्षं तुम्ही त्यांच्या गाडीत शिकवत होतात?"

 "त्यांच्या परवानगीने," ती म्हणाली.

स्वतःच्या गाडीबद्दल! मी पिशवीचे बंद हातात घट्ट आवळून धरले.

साहेबांनी दोघांच्या सह्या घेतल्या. मग खिडकीतल्या बाईंनी अकरा नोटिसांचा गठ्ठा उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला. "हे तुमचे."

"माझे? हे तिच्या नावावर आहेत."

"गाडी सहा वर्षांपासून तुमची, असं आत्ताच सही करून दिलंत. नोटिसा गेल्या तीन महिन्यांतल्या."

त्याचा चेहरा उतरला. तो हळूताईला म्हणाला, "तू मला अडकवलंस."

"मी तर काहीच लिहिलं नाही," ती म्हणाली. "मनं जुळली पाहिजेत ना? तू म्हणालास, मी हो म्हटलं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणणं मागे घ्यायचं असेल तर घ्या. मग दंड त्यांचे आणि गाडी आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात. बोला."

ती दोन मिनिटं मला फार जड गेली. त्याने म्हणणं मागे घेतलं असतं, तर गाडी येऊन सगळं गेलं असतं. तो नोटिसा उलटत होता, ओठ हलत होते. हळूताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. चौकात बंद पडलेल्या गाडीत बसली होती तशीच, पण बोटं एकमेकांत अडकवलेली. शेवटी त्याने गठ्ठा उचलून बगलेत घातला. "गाडी ठेवतो," तो म्हणाला.

म्हणजे शेवटी हिशेब असा झाला, की तिची बारा वर्षांची शुद्ध वागणूक तिने विकत घेतली आणि किंमत म्हणून स्वतःची गाडी दिली. त्याला अकरा दंडांत एक गाडी पडली. यालाही लोक तडजोड म्हणाले. तिचा दादा म्हणाला, "चला, प्रकरण मिटलं एकदाचं." मी त्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिक्षिकेच्या तोंडी ते शोभलंही नाही, पण बोलल्याचा पश्चात्ताप नाही.

नावबदलाच्या कागदांवर सही करताना तिने एकच अट घातली. टपावरची पाटी आणि शेजारच्या सीटपुढची पेडलं माझी, ती काढून द्यायची. तो कुरकुरला. "अरे, तुला दुसरा ब्रेक हवाय कशाला?" ती म्हणाली, "तुझ्या शेजारी आता कोण बसणार आहे?" मेकॅनिकने अर्ध्या तासात पेडलं सोडवली. मी तिला आमच्याच गाडीतून घरी आणलं. मागच्या सीटवर ती पाटी, आणि तिच्या मांडीवर तेलकट फडक्यात गुंडाळलेला ब्रेक.

वाटेत मी म्हटलं, "आमची ही गाडी आठवड्यातून पाच दिवस उभीच असते. पेडलं हिला बसवून घे आणि शिकव."

"आणि नाव कोणाचं?"

"नाव ह्यांचं."

"मग नको, बाई." ती हसली. "दुसऱ्याच्या नावाची गाडी आणि माझ्या हातात किल्ली? पुन्हा फोटो काढावा लागेल." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "हळू, पुढे शाळा आहे."

परवाना नवा झाला, पाच वर्षांसाठी. तळमजल्यावरची खोली तिने सोडली. आता ती गावाबाहेरच्या एका मोठ्या मोटार शाळेत नोकरीला आहे, त्यांच्याच गाडीवर. रोज सात जणांना शिकवते आणि सकाळी पावणेसहाच्या बसने कामावर जाते.